सर्वेक्षणासाठी किती घरं घ्यायची? आधी किती गावं ते ठरवा

विदर्भातल्या कुठल्याही कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन एमएसडब्ल्यूचे किंवा एमए अर्थशास्त्राचे जुने शोधप्रबंध चाळा. तिसऱ्या प्रकरणात नमुन्याचा आकडा बहुतेक वेळा १०० नाही तर ३८४ असतो. १०० असेल तर कारण दिलेलं नसतं. ३८४ असेल तर खाली एक सूत्र असतं आणि सूत्रात काय काय धरलं होतं ते गायब असतं. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक नेमकं तेच विचारतात, आणि पोरगं गाइडच्या तोंडाकडे पाहतं.

हा लेख पहिल्यांदाच फॉर्म घेऊन खेड्यात उतरणाऱ्यांसाठी आहे. गणित दहावीपर्यंतचंच लागेल. सगळे हिशेब एकाच उदाहरणावर करू: तुमच्या तालुक्यातल्या कापूस लावणाऱ्या किती टक्के कुटुंबांनी गेल्या हंगामात थोडा तरी कापूस खेडा खरेदीत, म्हणजे गावात गाडी घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला विकला? तालुक्यात ग्रामीण घरं २५,००० आहेत असं समजा. हा आकडा फक्त हिशेबापुरता. तुम्ही तुमच्या तालुक्याचा घाला.

पायरी १: प्रश्न असा मांडा की उत्तर आकड्यात येईल

‘कापूस उत्पादकांच्या विपणन समस्यांचा अभ्यास’ या विषयावर नमुना ठरवता येत नाही, कारण त्यात मोजायचं काय तेच सांगितलेलं नाही. वरचा खेडा खरेदीचा प्रश्न मात्र टक्केवारीत उत्तर मागतो. ‘एकरी सरासरी किती क्विंटल कापूस झाला’ हा प्रश्न सरासरी मागतो. ‘ओलिताच्या आणि कोरडवाहू शेतकऱ्यांत फरक आहे का’ हा तुलना मागतो. तिघांचे हिशेब वेगळे होतात. फॉर्ममध्ये चाळीस प्रश्न असले तरी ज्याच्या उत्तरासाठी अभ्यास उभा आहे असे दोन-तीन निवडा, प्रत्येकाचा नमुना काढा आणि त्यातला मोठा आकडा धरा.

‘शेतकरी व्यापाऱ्याला माल का देतो’ हे समजून घ्यायचं असेल तर या लेखाची गरज नाही. तिथे पंधरा-वीस माणसांशी निवांत बसून बोलणं जास्त कामाचं. फक्त मग अहवालात टक्केवारी लिहू नका.

पायरी २: यादी शोधा, आणि यादीत कोण नाही ते शोधा

सूत्रापेक्षा या पायरीला जास्त वेळ द्या. ज्यांची यादीच नाही त्यांचा नमुना काढता येत नाही, आणि खेड्यातली प्रत्येक यादी कोणाला तरी वगळते.

तलाठ्याकडचा गाव नमुना आठ-अ आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ यांत नवखी मंडळी घोळ करतात. आठ-अ ही जमिनीच्या खातेदारांची नोंद, तर ग्रामपंचायतीचा आठ ही घरांच्या कर आकारणीची. आठ-अ वरून निघालात तर एकाच घरातले बाप, दोन पोरं आणि आई अशी चार खाती चार कुटुंबं म्हणून मोजली जातील. दुसऱ्याचं वावर ठेक्यानं किंवा बटईनं करणारा माणूस त्यात सापडणारच नाही, आणि खेडा खरेदीवाल्याला माल देण्याची वेळ त्याच्यावरच जास्त येत असेल अशी शक्यता आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घरं बऱ्यापैकी येतात. पण नागपूर-पुण्याला गेलेल्यांची बंद घरंही त्यात असतात, आणि अतिक्रमणातली घरं कधी असतात, कधी नसतात.

मतदार यादीत माणसं मिळतात, कुटुंबं आपल्याला जुळवावी लागतात. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांच्या रजिस्टरमध्ये कुटुंबांची नोंद सगळ्यांत ताजी असते. त्यांच्याशी नीट बोललात, काम कशासाठी आहे ते सांगितलंत, तर बरीच मदत होते.

आता वगळलेल्यांचं बघा. यवतमाळ जिल्ह्यात कोलामांचे पोड (वस्त्या) मूळ गावापासून लांब असतात आणि कागदावर त्याच गावात मोडतात. गोंदिया-गडचिरोलीकडे टोले आहेत, वाशीम-यवतमाळकडे तांडे आहेत, आणि कितीतरी गावांच्या शिवेवर पारधी बेडा असतो. सरपंचाच्या ओट्यावर बसून यादी केली तर हे सगळे सुटतात, कोणी मुद्दाम वगळत नसतानाही. म्हणून कोतवालाला किंवा आशाताईंना सरळ विचारा, ‘या गावात मोडतात पण गावठाणात राहत नाहीत, असे कोण कोण?’

उलटही होतं. महसुली गावांच्या यादीत रिठी गावंही असतात. तिथे शेतं आहेत, सातबारा आहे, वस्ती मात्र नाही. ती आधीच खोडून टाका, नाहीतर निवडलेल्या गावात पोहोचल्यावर तुमचं स्वागत करायला बाभळी असतील.

काही विषयांत यादी सरकारी असते आणि तीच दिशाभूल करते. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांवर अभ्यास करणारे जिल्हाधिकारी कार्यालयातून मदत मिळालेल्यांची यादी आणतात. पण मदतीसाठी प्रकरणं पात्र आणि अपात्र अशी विभागली जातात, आणि ‘पात्र’ यादीत अपात्र ठरलेली कुटुंबं नसतात. फक्त पात्र यादी घेतलीत तर शीर्षकातच तसं लिहा. अशा छोट्या यादीत नमुना काढत बसण्यापेक्षा सगळी कुटुंबं घेतलेली बरी.

पायरी ३: किती चूक चालेल ते ठरवा

आता सूत्र. टक्केवारीसाठी ते असं आहे:

नमुना = १.९६ चा वर्ग × प × (१ − प) ÷ चूक-मर्यादेचा वर्ग

१.९६ हा आकडा ९५ टक्के विश्वास पातळीचा, म्हणजे असाच नमुना शंभरदा काढला तर साधारण ९५ वेळा उत्तर चूक-मर्यादेच्या आत बसेल. ‘प’ म्हणजे तुम्ही मोजायला निघालात ते प्रमाण, आणि ते अजून माहीत नसल्याने ०.५ धरतात. ०.५ ला गुणाकार सगळ्यांत मोठा येतो, म्हणून नमुना कमी पडायची भीती राहत नाही. चूक-मर्यादा ५ टक्के, म्हणजे ०.०५ धरली की ३.८४१६ × ०.२५ ÷ ०.००२५ = ३८४.१६. सगळ्यांचा लाडका ३८४ इथून येतो. खरं तर वर धरून ३८५ करायला हवेत.

५ टक्के कोणी ठरवले? कोणीच नाही. उत्तर ४० टक्के आलं आणि मर्यादा ५ असेल तर खरी टक्केवारी ३५ ते ४५ च्या दरम्यान आहे असं म्हणता येतं. मर्यादा ७ असेल तर ३३ ते ४७, आणि १० असेल तर ३० ते ५०. तुमच्या कामाला कितीपर्यंत चालतं ते तुम्ही ठरवायचं. मर्यादेनुसार नमुना असा बदलतो:

३ टक्के मर्यादा: १,०६८
५ टक्के: ३८५
७ टक्के: १९६
१० टक्के: ९७

१० वरून ५ वर यायला नमुना चौपट लागतो. गाइड ‘थोडं अचूक करा’ म्हणाले तर हा तक्ता त्यांच्यासमोर ठेवा. ‘थोडं’ म्हणजे किती पेट्रोल, ते लगेच दिसेल.

प्रमाण फारच कमी असेल तेव्हा ५ टक्क्यांची मर्यादा निरर्थक होते. जी गोष्ट ५ टक्के घरांतच आहे ती ‘५ टक्के, अधिक-उणे ५’ अशी मोजून काय हाती लागणार? तिथे मर्यादा २ टक्के घ्या: ३.८४१६ × ०.०५ × ०.९५ ÷ ०.०००४, म्हणजे ४५७.

तालुका मोठा की लहान, याने काय फरक पडतो?

जवळजवळ काहीच नाही, आणि लोकांना हेच पटत नाही. समग्र, म्हणजे ज्यांच्यातून नमुना काढायचा ती सगळी घरं, मर्यादित असेल तर एक दुरुस्ती करतात: आलेल्या नमुन्यातून १ वजा करून त्याला एकूण घरांनी भागायचं, त्यात १ मिळवायचा, आणि त्या संख्येने मूळ नमुन्याला भागायचं. २५,००० घरांच्या तालुक्यात ३८५ चे ३७९ होतात. सहा फॉर्म वाचले. ३०० घरांच्या एका गावापुरता अभ्यास असेल तर मात्र १६९ पुरतात, आणि १५० घरांच्या गावात १०९. पण १५० घरांच्या गावात १०९ निवडत बसू नका, सगळीच घरं करा. नाहीतर उरलेले ‘आम्हाले काऊन नाही इचारलं?’ म्हणून मागे लागतील.

गावाकडच्या माणसाला हे पीक विम्याच्या भाषेत सांगितलं की लवकर पटतं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत पीक कापणी प्रयोगांची किमान संख्या महसूल मंडळाला १०, तालुक्याला १६ आणि जिल्ह्याला २४ अशी होती. एका जिल्ह्यात कितीतरी मंडळं असतात, तरी प्रयोग अडीच पटही नाहीत. मंडळाला दहाच प्रयोग पुरतात का, हे भांडण वेगळं आणि शेतकऱ्यांचं त्यात म्हणणं आहेच. पण संख्या क्षेत्राच्या प्रमाणात वाढत नाही, ही त्यामागची रीत बरोबर आहे.

यामानेचं सूत्र बरेच जण वापरतात: एकूण संख्या भागिले (१ + एकूण संख्या × चुकीचा वर्ग). २५,००० घरं आणि ५ टक्के चूक घेतली की ३९४ येतात. ही वेगळी जादू नाही. वरच्याच सूत्रात १.९६ ऐवजी २ धरले आणि ‘प’ ०.५ धरला की हेच मिळतं. क्रेज्सी आणि मॉर्गन यांचा नमुना ठरवायचा १९७० चा तक्ताही त्याच घरचा. तिन्हींपैकी कोणतंही घ्या, पण तिन्ही सिनॉप्सिसमध्ये घालून ‘तीन पद्धतींनी पडताळलं’ असं लिहू नका.

पायरी ४: गावं किती?

इथे बहुतेक अभ्यास फसतात. वरची सगळी सूत्रं असं धरून चालतात की तालुक्यातल्या २५,००० घरांच्या चिठ्ठ्या एका पिंपात टाकून तुम्ही हव्या तितक्या काढल्या. प्रत्यक्षात कोणी असं करत नाही. आपण चार गावं धरतो, मामाचं गाव त्यात असतंच, आणि प्रत्येक गावात शंभर फॉर्म भरतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यात उकळी सगळीकडे सारखी फिरलेली असते. तालुका तसा नसतो. एका गावात खेडा खरेदीवाला दर आठवड्याला येतो, दुसऱ्या गावाला जिनिंग तीन किलोमीटरवर आहे म्हणून बैलबंडी सरळ तिकडे जाते. एका गावातली शंभर घरं बरीचशी एकसारखं उत्तर देतात. पहिल्या वीस घरांनी जे सांगितलं तेच पुढची ऐंशी सांगतात. फॉर्म वाढतात, माहिती वाढत नाही.

याचा हिशेब आहे. एका गावातली घरं एकमेकांसारखी किती, यासाठी ० ते १ मधला एक आकडा धरतात. घरगुती वागणुकीच्या प्रश्नांसाठी आधीचा अभ्यास हाताशी नसेल तर ०.०५ धरून चालायला हरकत नाही. मग नमुना किती पट वाढवायचा ते असं काढतात:

पट = १ + (दर गावातली घरं − १) × ०.०५

आपल्या उदाहरणात ७ टक्के मर्यादा घेऊ, म्हणजे साधा नमुना १९६. आता बघा.

दर गावात १० घरं घेतली तर पट १.४५. नमुना २८५, म्हणून २९ गावं आणि २९० घरं.

दर गावात २० घरं घेतली तर पट १.९५. नमुना ३८३, म्हणून २० गावं आणि ४०० घरं.

दर गावात ४० घरं घेतली तर पट २.९५. नमुना ५७९, म्हणून १५ गावं आणि ६०० घरं.

तिन्हींची अचूकता जवळपास सारखी. आणि ती नेहमीची चार गावं, दर गावात १०० फॉर्म? तिथे पट ५.९५ येते. ४०० फॉर्मना ५.९५ ने भागा, ६७ उरतात. म्हणजे महिनाभर फिरून भरलेले ४०० फॉर्म तालुकाभर विखुरलेल्या ६७ फॉर्मइतके, आणि चूक-मर्यादा ५ नाही तर जवळजवळ १२ टक्के. शिवाय चारच गावं असली की हा १२ चा आकडाही फारसा भरवशाचा राहत नाही. वरून प्रबंधात ‘नमुना ४००, सूत्रापेक्षा जास्त’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं.

०.०५ सगळीकडे चालत नाही. नळयोजनेचं पाणी, कालव्याचं ओलित, पांदण रस्ता असल्या गोष्टी अख्ख्या गावाला असतात किंवा अख्ख्या गावाला नसतात. अशा प्रश्नाला ०.३ धरलं तर दर गावात १० घरं घेऊनही पट ३.७ होते. तिथे गावात पाच घरं पुरे, गावं वाढवा.

मोठी सर्वेक्षणंही असंच करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशभरात ६,३६,६९९ कुटुंबं होती, पण निवडलेल्या प्रत्येक गावातून किंवा वस्तीतून २२ घरंच निवडलेली. जागतिक आरोग्य संघटनेची लसीकरण किती झालं ते मोजायची जुनी पद्धत ३० वस्त्या आणि प्रत्येकी ७ मुलं अशी होती. त्यात १० टक्के मर्यादेचे ९६ घेतले, पट २ धरली, १९२ आले, आणि ३० वस्त्यांत सारखे वाटायला २१० केले. मोटारसायकलवर फिरणाऱ्या दोघांसाठी ३० गावांचं हे माप अजूनही चांगलं आहे. गावं २५ ते ३० असावीत, दर गावात दहाच्या आसपास घरं, असं माझं सांगणं.

पायरी ५: फॉर्म २९० हवेत, तर दारं किती?

गावात दहा फॉर्म हवेत म्हणून दहा घरांची यादी घेऊन गेलात तर पाच-सहा फॉर्म घेऊन परत याल. खेड्यातली सगळी घरं कापूस लावत नाहीत. भूमिहीन आहेत, सोयाबीन-तूरवाले आहेत, दुकानदार आहेत, मास्तर आहेत. शंभरातली साठ घरं कापूसवाली असतील असं धरलं तर दहा फॉर्मसाठी १७ घरं लागतात. त्यातली दहा टक्के कुलूपबंद किंवा ‘नाही’ म्हणणारी धरली तर १७ ला ०.९ ने भागा, १९ येतात. म्हणजे दर गावात १९ दारं. २९ गावांत ५५१.

इथे एक बारीक गोष्ट. दहा फॉर्म भरले की थांबायचं नाही, १९ दारं पूर्ण करायची. एखाद्या कापूसपट्ट्यातल्या गावात १५ फॉर्म होतील, धरणाखालच्या गावात ४ होतील. तसंच होऊ द्या. सगळीकडे जबरदस्तीने दहा केलेत तर जिथे कापूसवाले कमी तिथल्यांना गरजेपेक्षा जास्त वजन मिळतं.

कुलूप दिसलं की शेजारचं घर घ्यायचं, ही सवय तर फारच महागात पडते. सकाळी अकराला घरी कोण असतं? म्हातारी माणसं, किराणा दुकानदार, पगारदार. ज्यांना भेटायचं ते वावरात. शेजारीण सांगते, ‘ते वेचाले गेले, दिवे लागल्यावर या.’ मग दिवे लागल्यावर जायचं. नियम असा ठेवा: एकाच दाराला वेगवेगळ्या वेळी तीन चकरा, त्यातली एक सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. तरीही भेट झाली नाही तर रजिस्टरमध्ये ‘कुलूप’ किंवा ‘बाहेरगावी’ लिहा, बदली घर घेऊ नका. बदलीची तरतूद १९ च्या आकड्यात आधीच केलेली आहे.

साठ टक्के, दहा टक्के हे मी धरलेले अंदाज आहेत. तुमचे अंदाज तुम्ही पूर्वचाचणीतून आणा. नमुन्यात नसलेल्या एका गावात २०-३० दारं करा. एका फॉर्मला किती मिनिटं लागतात, किती घरं कापूसवाली, किती कुलपं, कोणत्या प्रश्नाला लोक कंटाळतात, सगळं कळतं. मेळघाटात किंवा भामरागडकडे जाणार असाल तर हेही कळेल की कोरकू किंवा माडिया बोलणारा सोबती लागतो, आणि त्याने एका फॉर्मचा वेळ जवळजवळ दुप्पट होतो.

पायरी ६: २९ गावं नेमकी कोणती?

२०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय कुटुंबसंख्या मिळते. जुनी आहे, पण गावं लहान-मोठी कोणती एवढं ठरवायला चालते. ज्या गावात घरं जास्त त्याला निवडून येण्याची संधी जास्त, अशा रीतीने गावं काढायची.

सगळी गावं एका खाली एक लिहा, पुढे घरं, आणि त्यापुढे चढती बेरीज. समजा पहिल्या सहा गावांत १४०, ९०, ३१०, ६०, ४२० आणि २०५ घरं आहेत. चढती बेरीज १४०, २३०, ५४०, ६००, १०२०, १२२५. एकूण २५,००० ला २९ ने भागा, अंतर ८६२. आता १ ते ८६२ मधला एक आकडा नशिबावर काढा. एक्सेलमध्ये त्यासाठी रँडबिटवीन (RANDBETWEEN) हे फंक्शन आहे, नाहीतर कुणाच्याही खिशातल्या नोटेच्या नंबराचे शेवटचे तीन अंक घ्या आणि ८६२ च्या वर गेले किंवा तिन्ही शून्य आले तर दुसरी नोट काढा. समजा ३११ आले. ३११ हा आकडा २३० च्या पुढे आणि ५४० च्या आत पडतो, म्हणून तिसरं गाव निवडलं. ३११ मध्ये ८६२ मिळवा, ११७३. तो १०२० आणि १२२५ च्या मधे, म्हणून सहावं गाव. असंच शेवटपर्यंत. ४२० घरांचं पाचवं गाव सुटलं म्हणून हळहळू नका आणि हाताने घुसवूही नका.

गावात गेल्यावर यादीतली घरं भागिले १९, जो आकडा येईल तेवढ्या अंतराने घरं घ्या, सुरुवात पुन्हा नशिबावर. पोड, बेडा, तांडा यांची घरं त्याच यादीच्या शेवटी जोडलेली असली पाहिजेत. पावसाळ्यात पोडावर जायला रस्ता नसेल तर काम पुढे ढकला, पोड वगळू नका.

तुलना करायची असेल तर

ओलिताचे आणि कोरडवाहू असे दोन गट तपासायचे असतील तर वरचा नमुना पुरत नाही. एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के एवढा ढळढळीत फरक पकडायला दर गटात ९५ घरं लागतात. ५० आणि ४० मधला फरक पकडायला दर गटात ३८५. (९५ टक्के विश्वास, आणि फरक असेल तर तो सापडण्याची ८० टक्के संधी, असं धरून.) यालाही गावांमुळे येणारी पट लावायची. म्हणून ‘लिंग, जात, वय, शिक्षण, जमीनधारणा यांनुसार तुलना’ असं एका दमात लिहू नका. ३८५ घरांत महिला कुटुंबप्रमुख असलेली ३८ निघाली तर त्यांच्याबद्दलच्या टक्केवारीला अधिक-उणे १६ ची चूक आहे. महिला शेतकरी हाच विषय असेल तर त्यांची वेगळी यादी करून वेगळा नमुना काढा.

सरासरीसाठी ‘प’ ऐवजी पसारा लागतो. एकरी उत्पन्नाचं प्रमाण विचलन (पसाऱ्याचं माप) पूर्वचाचणीत ३ क्विंटल आलं आणि सरासरी अर्ध्या क्विंटलपर्यंत बरोबर हवी असेल, तर ३.८४१६ × ९ ÷ ०.२५, म्हणजे १३९. पट इथेही.

पायरी ७: खिसा आणि पंचांग

अर्ध्या तासाचा फॉर्म असेल तर एक माणूस दिवसाला आठ-दहा फॉर्म नीट भरतो. दोघं मिळून एक गाव एका दिवसात होतं, राहिलेल्या कुलपांसाठी पुन्हा चक्कर. २९ गावं म्हणजे साधारण महिना-सव्वा महिना. तेवढा वेळ नसेल तर गावातले फॉर्म वाढवून गावं कमी करू नका, चूक-मर्यादा वाढवा. १० टक्के मर्यादेला ९७ × १.४५ = १४१, म्हणजे १५ गावं आणि दर गावात १०. एकट्या विद्यार्थ्याला हे जमतं. माझ्या मते १५ गावांतले १५० प्रामाणिक फॉर्म चार गावांतल्या ४०० पेक्षा कधीही चांगले.

पंचांग बघा. मृग लागला की कोणी दारात सापडत नाही. सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीतही तेच. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडे मोहफुलं, मेमध्ये तेंदूपत्ता. कापूसवाल्या तालुक्यात एप्रिलचा दुसरा पंधरवडा मला बरा वाटतो. हंगामाची विक्री बहुतेक आटोपलेली असते, भाव लक्षात असतात, आणि उन्हामुळे दुपारी माणसं घरीच असतात. तुमचं डोकं तापेल ती गोष्ट वेगळी. दुपट्टा बांधा, पाणी ठेवा.

प्रबंधात काय लिहायचं

नमुन्याच्या परिच्छेदात एवढं यावं: समग्र कोणतं, यादी कुठून आणली आणि तिच्यात कोण सुटलं असावं, ‘प’ आणि चूक-मर्यादा किती धरली, गावांमुळे पट किती लावली, गावं आणि घरं कशी निवडली, आणि शेवटी दारांचा हिशेब. तो असा दिसेल: ‘निवडलेली ५५१ घरं. त्यांपैकी तीन भेटींनंतरही बंद ४१, नकार १२, कापूस न लावणारी २०३, पूर्ण मुलाखती २९५.’ हे आकडे नमुन्यादाखल आहेत, पण बेरीज ५५१ व्हायलाच हवी. परीक्षक आधी तीच करून बघतात.

नमुना नशिबावर निघालेला नसेल, ओळखीच्या गावांत भेटतील त्यांचे १०० फॉर्म भरले असतील, तर तेही तसंच लिहा. प्राथमिक चाचपणी म्हणून ते चालतं. फक्त त्याच्या पुढे अधिक-उणे ५ टक्के लिहू नका आणि निष्कर्षात ‘तालुक्यातले ६३ टक्के शेतकरी’ म्हणू नका, ‘भेटलेल्या १०० जणांपैकी ६३’ म्हणा.